तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : मॅकेन्झी, म्हणजेच देह चो

मागच्या अंकात आर्क्टिक समुद्राला मिळणाऱ्या नद्यांवर लिहिताना कॅनडाच्या मॅकेन्झी नदीला मी जेमतेम चार ओळी दिल्या होत्या. त्यावर पत्रं आणि ईमेल मिळून इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर तिलाच द्यायचं ठरवलं. या नदीवर मी कित्येक वर्षं मिळेल ते वाचत आलेय, त्यामुळे काही उत्तरं लांबलीत, सांभाळून घ्या.

प्रश्न : मी नववीत आहे. नकाशात मॅकेन्झी नदी खालून वर जाते. पाणी तर वरून खाली येतं ना, मग ही नदी वर कशी वाहते?

उत्तर : बाळ, हा प्रश्न मलाही तुझ्या वयात पडला होता. "वर" हे फक्त कागदावरचं असतं, कारण आपण नकाशात उत्तर दिशा वरच्या बाजूला काढतो. जमिनीचं म्हणशील तर मॅकेन्झी जिथून निघते तो ग्रेट स्लेव्ह लेक समुद्रसपाटीपासून साधारण १५६ मीटर उंचीवर आहे आणि समुद्र अर्थातच शून्यावर, आणि मध्ये अंतर १,७३८ किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला नदी सरासरी फक्त नऊ सेंटीमीटर उतरते. तुझ्या तळहाताची रुंदी बघ, जवळपास तेवढंच! एवढ्या उतारावर ती आपली सावकाश, रुंद पसरून उत्तरेला जाते.

पण उत्तरेला वाहण्याचा एक परिणाम फार मोठा आहे. वसंतात ऊन आधी दक्षिणेला लागतं. तिकडचा बर्फ वितळतो, पाणी सुटतं आणि उत्तरेला धावत येतं, आणि पुढे बघतं तर काय, नदीवर अजून मीटरभर जाड बर्फ तसाच्या तसा. मग ते पाणी खालून जोर लावतं, बर्फ उचलला जातो, तडकतो, त्याचे घराएवढे तुकडे एकमेकांवर चढतात आणि एखाद्या वळणावर किंवा बेटापाशी अडकून त्यांचा बांध होतो. बांधाच्या मागे पाणी काही तासांत काही मीटर चढू शकतं आणि बांध फुटला की तितक्याच झपाट्याने उतरतं. तिकडे या दिवसांना "ब्रेकअप" म्हणतात आणि गावंच्या गावं काठावर उभी राहून त्याची वाट बघतात. किनाऱ्यावरच्या स्प्रूस झाडांच्या बुंध्यांवर नदीच्या बाजूने साल सोलवटलेली दिसते, कुठे कुठे तर माणसाच्या डोक्याच्याही वर, ते या बर्फाचे घाव. अभ्यासक अशा झाडांची वर्तुळं मोजून कोणत्या साली बर्फ किती चढला होता ते काढतात. म्हणजे नदीची डायरी झाडांनी लिहून ठेवलीये असंच समज.

मे २०२१ मध्ये फोर्ट सिम्पसन आणि जीन मेरी रिव्हर या गावांत असंच बर्फ अडून पाणी शिरलं आणि लोकांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं.

प्रश्न : एका पुस्तकात मॅकेन्झीची लांबी १,७३८ किमी दिलीये आणि दुसरीकडे ४,२४१. यातलं खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं. पहिला आकडा फक्त "मॅकेन्झी" नाव असलेल्या भागाचा, ग्रेट स्लेव्ह लेकपासून समुद्रापर्यंत. दुसरा आकडा पाण्याच्या सगळ्या प्रवासाचा आहे. ते पाणी ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरात फिनले नदी म्हणून निघतं, पुढे पीस होतं, मग स्लेव्ह, मग तलाव आणि तलावातून बाहेर पडलं की मॅकेन्झी. पाणी तेच, माणसांनी नावं तोडून तोडून दिलीत. या हिशोबाने ही कॅनडातली सगळ्यात लांब नदी, आणि उत्तर अमेरिकेत मिसिसिपी-मिसूरीच्या खालोखाल दुसरी. पाणलोट साधारण १८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे कॅनडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा.

जाता जाता एक सांगते. तो ग्रेट स्लेव्ह लेक ६१४ मीटर खोल आहे, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात खोल. आत आलेला गाळ तिथेच बसतो आणि नदी बाहेर पडते ती स्वच्छ पाणी घेऊन. फोर्ट सिम्पसनला तिला डोंगरातून आलेली लिआर्ड मिळते, ती गढूळ, तपकिरी. दोघी लगेच मिसळत नाहीत, एकाच पात्रात दोन रंग शेजारी शेजारी कितीतरी अंतर चालत राहतात, आणि शेवटी लिआर्डचाच रंग जिंकतो. समुद्रापर्यंत पोचताना मॅकेन्झी आर्क्टिकमधल्या दुसऱ्या कुठल्याही नदीपेक्षा जास्त गाळ वाहून नेते.

आणि वरच्या अंगाला, पीस नदीवर, १९६८ मध्ये बेनेट धरण पुरं झालं, त्यामुळे हिवाळ्यात पाणी जास्त आणि उन्हाळ्यात कमी असं उलटं चक्र झालं. खालच्या पीस-अथाबास्का त्रिभुज प्रदेशातले लोक त्याबद्दल तेव्हापासून बोलतायत, कारण त्यांची तळी पुराच्या पाण्यावर भरायची.

प्रश्न : मॅकेन्झी नदीचा शोध अलेक्झांडर मॅकेन्झीने लावला असं शाळेत शिकलो. पण तिथे आधी लोक राहत नव्हते का?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. राहत होते, हजारो वर्षं राहत होते, आणि नदीला नावंही होती. डेने लोक तिला देह चो म्हणतात, मोठी नदी. खालच्या अंगाला ग्विचिन लोकांचं नाव नाग्विचूनजिक, म्हणजे मोठ्या मुलखातून वाहणारी नदी. आणि मुखाजवळ इनुविआलुइट लोक तिला कूकपाक म्हणतात, त्याचाही अर्थ मोठी नदी. बघा, तीन भाषा, आणि तिघांनाही पहिलं काय दिसलं तर तिचा मोठेपणा.

मॅकेन्झी हा नॉर्थ वेस्ट कंपनीचा, फरचा व्यापार करणारा, विशी-पंचविशीतला स्कॉटिश तरुण. त्याच्या आधीच्या एका व्यापाऱ्याने, पीटर पाँडने, नकाशा मांडला होता की ग्रेट स्लेव्ह लेकमधून निघणारी नदी पश्चिमेला जाऊन अलास्काच्या कुक इनलेटमध्ये, म्हणजे पॅसिफिकला मिळत असणार. तसं असतं तर कंपनीचं सोनं झालं असतं. ३ जून १७८९ ला हा फोर्ट चिपेवायन या व्यापारी ठाण्याहून बर्च झाडाच्या सालीच्या होड्या घेऊन निघाला. आता त्या होड्यांत कोण होतं ते बघा: चार फ्रेंच-कॅनेडियन नावाडी, एक जर्मन, आणि "इंग्लिश चीफ" म्हणून ओळखला जाणारा चिपेवायन पुढारी, त्याच्या दोन बायका, दोन तरुण शिकारी, शिवाय दोन नावाड्यांच्या बायका. दुभाषाचं काम इंग्लिश चीफ करायचा, शिकार तो आणि त्याची पोरं करायची, आणि बायका वाटेत कपडे आणि मोकासिन, म्हणजे कातडी जोडे, शिवत होत्या, ज्यांच्याशिवाय कुणाचंही पाऊल पुढे पडलं नसतं. त्यांची नावं मात्र नोंदली गेली नाहीत.

ग्रेट स्लेव्ह लेक जूनमध्येही गोठलेला होता, तो पार करण्यातच जवळपास तीन आठवडे गेले. २९ जूनला नदी लागली. सुरुवातीला ती खरंच पश्चिमेला जाते, त्यामुळे मॅकेन्झीला वाटलं असणार की आपलं बरोबर चाललंय, पण पुढे डोंगर आडवे येतात आणि नदी त्यांच्या कडेने वळून उत्तरेला लागते ती लागतेच. वाटेत भेटलेल्या डेने लोकांनी सांगितलं की समुद्राला पोचायला कितीतरी हिवाळे लागतील, परत येईपर्यंत म्हातारे व्हाल, वाटेत राक्षस आहेत. तरी त्यांच्यातलाच कुणी ना कुणी वाटाड्या म्हणून सोबत आला, कुणी मनाने, कुणी जबरदस्तीने, हे मॅकेन्झीच्या स्वतःच्या रोजनिशीतच आहे. जुलैच्या मध्यावर रात्री न मावळणारा सूर्य दिसला, बेटापाशी पाणी चढलं-उतरलं, सामान भिजलं, आणि १४ जुलैला पांढरे बेलुगा देवमासे दिसले. समुद्र होता, पण पॅसिफिक नव्हे, आर्क्टिक. १२ सप्टेंबरला तो फोर्ट चिपेवायनला परत, एकूण १०२ दिवस.

त्याने नदीला "निराशेची नदी" म्हटलं अशी कथा सांगतात. पॅसिफिक त्याला मिळाला, पण चार वर्षांनी, १७९३ मध्ये आणि वेगळ्या वाटेने. त्यामुळे "शोध लावला" ऐवजी "वाटाड्यांच्या मदतीने समुद्रापर्यंत गेलेला पहिला युरोपियन" असं पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. चार शब्द जास्त लागतील, लागू देत.

प्रश्न : या नदीबद्दल तिथल्या लोकांच्या काही कथा आहेत का?

उत्तर : खूप. एकच सांगते. तुलिता गावाजवळ ग्रेट बेअर नदी मॅकेन्झीला मिळते तिथे बेअर रॉक नावाचा डोंगर आहे. यामोरिया हा डेने लोकांचा थोर पुरुष, त्याने लोकांना त्रास देणाऱ्या महाकाय बीव्हरना (बीव्हर म्हणजे नदीत बांध घालणारा प्राणी) हाकलत या नदीपर्यंत आणलं, त्यातले तीन मारले आणि त्यांची कातडी या डोंगरावर ताणून वाळत घातली. डोंगराच्या अंगावर ते तीन मोठे डाग लोक आजही दाखवतात. मग त्याने ते बीव्हर शिजवले, आणि त्या चुलीचा धूर अजून निघतो म्हणतात. आता गंमत ही की धूर खरंच निघतो! तुलिताजवळ काठात दगडी कोळशाचे थर आहेत, ते जमिनीखाली जळत असतात, १७८९ मध्ये मॅकेन्झीनेही हा धूर पाहून लिहून ठेवलंय. यामोरियाने लोकांना नियमही घालून दिले, त्यातला पहिला म्हणजे जे असेल ते वाटून घ्या.

प्रश्न : मॅकेन्झीचा आणि हिरोशिमाचा काही संबंध आहे असं कुठेतरी ऐकलं. खरं का?

उत्तर : ताई, हो, खरं आहे, आणि हे लिहिताना मला जड जातंय.

१९३० मध्ये ग्रेट बेअर लेकच्या पूर्व किनाऱ्यावर पिचब्लेंड, म्हणजे रेडियम आणि युरेनियम असलेलं खनिज, सापडलं. सुरुवातीला खाण चालली ती रेडियमसाठी, कारण तेव्हा रेडियम सोन्याहून कितीतरी महाग होतं, युरेनियम तर टाकाऊ. मग युद्ध आलं, बंद पडलेली खाण १९४२ मध्ये पुन्हा उघडली, पुढे सरकारने ती ताब्यात घेतली, आणि आता हवं होतं युरेनियम, अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी. त्यांना लागलेलं बरंचसं युरेनियम काँगोतून आलं, पण काही इथलं होतं. रेल्वे नाही, रस्ता नाही, मग हे सगळं न्यायचं कसं? तर नदीने. तलाव होडीने ओलांडायचा, मग ग्रेट बेअर नदी, तिच्यात धावतं पाणी आलं की सगळा माल उतरवून पुढे पुन्हा चढवायचा, मग तुलिताला मॅकेन्झी, तिथून प्रवाहाच्या उलट वर, ग्रेट स्लेव्ह लेक, स्लेव्ह नदी, फोर्ट स्मिथच्या धबधब्यांपाशी पुन्हा उतरवाउतरव, आणि शेवटी फोर्ट मॅकमरेजवळ रेल्वे.

ती उतरवाउतरव करणारे बरेचसे ग्रेट बेअर लेकच्या काठच्या डेलिने गावचे डेने पुरुष. चाळीस-पंचेचाळीस किलोची खनिजाची पोती खांद्यावर, धूळ कपड्यांवर, त्याच पोत्यांवर झोपायचं. त्यात काय आहे आणि त्याने काय होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे गावात कॅन्सरने माणसं गेली, आणि त्याचा या कामाशी किती संबंध यावर नंतर चौकश्या आणि वाद झाले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आपण वाहिलेली माती कुठे गेली हे कळल्यावर, ऑगस्ट १९९८ मध्ये डेलिनेची काही माणसं हिरोशिमाला गेली आणि तिथल्या लोकांची माफी मागितली. ज्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, ती माणसं माफी मागायला गेली.

प्रश्न : तिथे तेल आहे, गॅस आहे, मग सत्तरच्या दशकात एका न्यायाधीशाने पाइपलाइन का थांबवली?

उत्तर : याचं मूळ १९२० मध्ये आहे. त्या वर्षी नॉर्मन वेल्सला, नदीच्या अगदी काठावर, तेल लागलं. डेने भाषेत त्या जागेचं नावच "तेल आहे ती जागा" अशा अर्थाचं आहे, म्हणजे लोकांना माहीत होतंच. त्याआधी कितीतरी वर्षं लोक करार मागत होते तर सरकारला घाई नव्हती, पण तेल लागल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात, १९२१ मध्ये, सरकारचा माणूस बोटीने गावोगाव उतरत "ट्रीटी ११" वर खुणा करून घेत गेला. माणशी वर्षाला ५ डॉलर. सरकारच्या कागदात लिहिलं की लोकांनी जमीन सोडली, आणि डेने लोकांच्या आठवणीत मात्र हा मैत्रीचा, शांततेचा करार होता, जमीन द्यायचा विषयच नव्हता. १९७३ मध्ये न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी जुन्या माणसांच्या साक्षी ऐकून म्हटलं की जमिनीवरचा हक्क खरंच संपला का याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मधल्या काळात युद्धात अमेरिकन सैन्याने नॉर्मन वेल्सहून डोंगर ओलांडून व्हाइटहॉर्सपर्यंत कॅनॉल पाइपलाइन टाकली होती, १९४२ ते ४४, हजारो माणसं राबली, आणि तेल वाहिलं जेमतेम वर्षभर. १९४५ मध्ये सगळं बंद, ट्रक, पंप, छपऱ्या तिथेच टाकून लोक निघून गेले. त्या पाइपलाइनच्या कडेचा रस्ता आज पायी चालणाऱ्यांची अतिशय खडतर वाट आहे.

तर १९६८ मध्ये अलास्कात प्रचंड साठा सापडला आणि गॅस दक्षिणेला आणायला मॅकेन्झीच्या खोऱ्यातून पाइपलाइन टाकायचं ठरू लागलं. १९७४ मध्ये सरकारने न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीला नेमलं. आता इथे त्या माणसाचं मोठेपण आहे. त्यांनी फक्त तज्ज्ञांना बोलावून शहरात सुनावणी घेतली नाही, ते स्वतः ३५ गावांत आणि वस्त्यांत गेले, सभागृहात बसले, लाकडी घरांत बसले, मासेमारीच्या तळांवर बसले, आणि शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत बसले. जवळपास हजार लोक बोलले, आपापल्या भाषेत बोलले, आणि रेडिओवर रोज त्या भाषांतून बातम्या जायच्या, त्यामुळे एका गावातला म्हातारा काय म्हणाला ते तीनशे मैलांवरच्या गावाला रात्री कळायचं. फोर्ट गुड होपचे तरुण प्रमुख फ्रँक टी'सेलेई यांनी पाइपलाइन टाकू पाहणाऱ्या कंपनीच्या अध्यक्षाला तोंडावर सुनावलं ते भाषण लोक आजही आठवतात. फोर्ट गुड होपच्या थोडं वर नदी रँपार्ट्स नावाच्या चुनखडीच्या उंच कड्यांमधून अरुंद होऊन जाते. तिथे वाढलेल्या माणसाला "इथे कुणीच नसतं, मोकळी जागा आहे" असं सांगणं म्हणजे काय, याचा जरा विचार करा.

१९७७ मध्ये बर्जर यांचा अहवाल आला: खोऱ्यात दहा वर्षं पाइपलाइन नको, आधी जमिनीच्या हक्कांचा निकाल लावा, आणि उत्तर युकॉनच्या किनाऱ्यावरून तर कधीच नको, कारण तिथे कॅरिबू, म्हणजे तिकडची रेनडिअर हरणं, पिल्लं घालतात. पुढे खरंच करार झाले, इनुविआलुइट १९८४, ग्विचिन १९९२, साहतू भागातले डेने १९९३. आणि ऐका, त्यानंतर गॅसची योजना परत आली तेव्हा तिथल्याच बऱ्याच आदिवासी गटांनी तिच्यात भागीदारी मागितली आणि मिळवली. काहीजण याला पलटी मारणं म्हणतात, मला ते पटत नाही. आपल्या घरात कोण येणार हे ठरवायचा हक्क मागितला होता, तो मिळाल्यावर काय ठरवायचं ते त्यांचं ते बघतील. शेवटी गॅसच स्वस्त झाला आणि २०१७ मध्ये कंपन्यांनी योजना गुंडाळली.

प्रश्न : नदीवर पूल किती?

उत्तर : मुख्य मॅकेन्झीवर एकच. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळचा देह चो पूल, एक किलोमीटरहून थोडा लांब, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाला. त्याआधी उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात सरळ बर्फावरून गाड्या, पण बर्फ धरताना आणि सुटताना दोन्ही बंद, तेव्हा पलीकडच्या यलोनाइफ शहराला ताजा माल विमानाने यायचा. बाकी ठिकाणी आजही फेरी आणि बर्फाचा रस्ताच. खालच्या गावांना जड सामान आणि इंधन बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींनी, जातं, आणि अलीकडे पाणी इतकं उतरलंय की २०२४ च्या उन्हाळ्यात काही बार्ज जाऊच शकल्या नाहीत.

प्रश्न : मुखाजवळच्या एका गावाला सरकार हलवणार होतं पण लोक गेले नाहीत असं वाचलं. कोणतं गाव ते?

उत्तर : अक्लाविक. मॅकेन्झीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे फाटे, चिखल आणि हजारो तळी, तळ्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर जाते, आणि खाली कायम गोठलेली जमीन. अक्लाविक अगदी एका फाट्याच्या वळणावर, सखल जागी, पुराचं पाणी येणार, काठ ढासळणार, म्हणून पन्नाशीच्या दशकात सरकारने पूर्वेला उंचावर इनुविक नावाचं नवं शहर बांधलं. तिथे घरं खांबांवर, पाण्याचे पाइप जमिनीवरून पेट्यांमधून नेलेले, कारण जमिनीत पुरले तर एकतर गोठणार नाहीतर जमीन वितळवणार.

पण अक्लाविकच्या बऱ्याच लोकांनी हलायला नकार दिला. त्यांना पूर माहीत होता. शेजारच्या तळ्यांत मस्करॅट, म्हणजे पाण्यात राहणारे मोठ्या उंदरासारखे प्राणी, असतात, त्यांच्या कातड्यांवर कित्येक घरांचा वसंत चालायचा, आणि यातली उंचावरची तळी नदीपासून तुटलेली असतात, त्यांत नवं पाणी येतं ते फक्त बर्फ अडून पूर चढला तरच. पूर आला नाही तर ती हळूहळू आटतात. म्हणजे जो पूर घरात शिरतो तोच तळी भरतो, आणि मस्करॅट राहतात ते त्यामुळेच. हे गणित बाहेरून आलेल्या इंजिनिअरला दिसलं नाही, काठावर राहणाऱ्यांना पाठ होतं. गावाने "हार मानायची नाही" अशा अर्थाचं ब्रीदवाक्य घेतलं, शाळा आणि दुकान चालू ठेवलं. आज तिथे सहाशेच्या आसपास माणसं राहतात, आणि दर वर्षी मे संपत आला की काठावर जाऊन बर्फाकडे बघत उभी राहतात.